विसापूरचा सांडवा

मोठ्या धबधब्यांचं मला फारसं कौतुक नाही. लोक ठोसेघरला जातात, कठड्याला टेकून फोटो काढतात, कणीस खातात आणि परत येतात. पाणी आलं कुठून, आलं किती, गेलं कुठे, यातलं काही कळत नाही. नुसतं थोर वाटतं. थोर वाटायला माझी हरकत नाही. पण पाटबंधारे खात्यात उभी हयात काढल्यावर माणसाला पाणी नुसतं बघवत नाही. पाणलोट, म्हणजे पाणी गोळा होतं तो भाग, केवढा; येवा, म्हणजे येणारं पाणी, किती; विसर्ग, म्हणजे जाणारं पाणी, किती, हे प्रश्न आपोआप सुरू होतात. घरचे याला आजार म्हणतात.

म्हणून माझा आवडता धबधबा अगदी लहान आहे. आषाढ लागता लागता सुरू होतो, दिवाळीच्या आगेमागे आटतो. विसापूर किल्ल्याच्या पायऱ्यांवरून तो येतो. पायऱ्यांशेजारून नव्हे, पायऱ्यांवरूनच. गडावर त्या वाटेनं जायचं तर धबधब्यातूनच चढायचं, बूट वाचवायचा काही मार्ग नाही. नवे लोक पहिल्या दोन-चार पायऱ्या कडेकडेनं, भिंतीला धरून, पाय कोरडे ठेवत चढायचा प्रयत्न करतात. पाचव्या पायरीवर सगळे सरळ होतात.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात पत्ता. पुणे-लोणावळा लोकलनं कामशेतच्या पुढचं मळवली स्टेशन. रूळ ओलांडायचे, द्रुतगती मार्गावरचा पूल ओलांडायचा की भाजे गाव. डावीकडे वर भाज्याची लेणी. डांबरी रस्ता तसाच घाटानं गायमुख खिंडीकडे चढतो; त्या खिंडीच्या एका अंगाला लोहगड, दुसऱ्या अंगाला विसापूर. लोहगडाकडे जाणारी गर्दी उजवीकडे वळते. आपण डावीकडे झाडीत शिरायचं. पायवाट चिखलाची आहे आणि शेवटी एका नाळेच्या, म्हणजे कड्यातल्या अरुंद घळीच्या, तोंडाशी नेऊन सोडते. तिथून पुढे वाट विचारावी लागत नाही, आवाज ऐकू येतो.

या दोन किल्ल्यांचं नातं गमतीचं आहे. विसापूर लोहगडापेक्षा उंच आणि त्याच्यापेक्षा ऐसपैस. १८१८ साली ४ मार्चला इंग्रजांनी विसापूर घेतला आणि मग लोहगड लढवण्यात अर्थच उरला नाही, कारण वरून तोफा रोखलेल्या. त्यानंतर विसापूरचे दरवाजे उडवून दिले, लोहगडाचे बरेचसे तसेच राहिले. आज लोहगडाला चांगल्या पायऱ्या आहेत, तिकीटघर आहे, २०२५ साली युनेस्कोच्या यादीत आलेल्या बारा किल्ल्यांत त्याचं नाव आहे. विसापूर त्या यादीत नाही. विसापूरला फुटके दरवाजे आहेत आणि हे पाणी आहे. मला हा सौदा मान्य आहे.

आता पायऱ्यांवरून पाणी का येतं, ते सांगतो, कारण मला हे कुणीतरी विचारावं असं फार वाटतं आणि कुणी विचारत नाही.

सह्याद्रीचा हा सगळा भाग बेसॉल्टचा. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा एकावर एक पसरत गेला, त्याचे थर आजही डोंगराच्या उभ्या बाजूला मोजता येतात. काही थर घट्ट काळ्या कातळाचे, काही भुसभुशीत, दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे तांबड्या मातीची पट्टी. घट्ट थर सहज झिजत नाही, त्याच्या खालचा ठिसूळ थर झिजतो, आणि डोंगराला आपोआप टप्पे पडतात. वर सपाट पठार, खाली उभा कडा, पुन्हा टप्पा, पुन्हा कडा. विसापूरचा माथा हे असंच एक पठार. त्यावर पडणाऱ्या पावसाला कुठून तरी खाली उतरावंच लागतं. कड्याला जिथे जिथे चीर होती तिथे पाण्यानं ती रुंदावली आणि नाळ तयार झाली.

किल्ला बांधणाऱ्यांना वर चढायला सोपी जागा हवी होती. कड्यावर सोपी जागा एकच, नाळ. म्हणून त्यांनी तीच धरली, तिच्यात दगडी पायऱ्या बांधल्या, वर दरवाजा केला. गड नांदता होता तेव्हा पावसाळ्याआधी वरचे चर साफ होत असणार, पाणी बाजूला वळवलं जात असणार, असं माझं मत. तटात पाणी बाहेर काढायच्या मोऱ्या ठेवणारी माणसं पायऱ्यांवरून पाणी वाहू देणार नाहीत. पुढे गड ओस पडला, दरवाजा ढासळला, मोऱ्या बुजल्या. पाण्यानं आपली जुनी जागा परत घेतली. धरणाच्या भिंतीला जास्तीचं पाणी जायला सांडवा ठेवतात ना, तसा हा जिना आता गडाचा सांडवा झालाय. फरक इतकाच की आमच्या सांडव्यावर माणसाला उभं राहायला बंदी असते आणि इथे रविवारी रांग लागते.

जुलैमधल्या एका मंगळवारी भाचीला घेऊन गेलो. ती हिंजवडीत नोकरी करते. सुट्टी होती, आणि तिला धबधब्यात भिजायचं होतं. मला विसर्ग मोजायचा होता. दोघांचंही एकाच लोकलमध्ये जमलं.

चिंचवडहून निघालो तेव्हा आकाश नुसतं भरून आलेलं. तळेगावला भुरभुर, कामशेतला चांगला पाऊस, मळवलीला उतरलो तर समोरचा डोंगर गायब. हा या मार्गाचा मला फार आवडणारा भाग. पुणे शहरात वर्षाला साडेसातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, लोणावळ्यात चार हजारांच्या वर. मधलं अंतर साठ-पासष्ट किलोमीटर. गाडीच्या खिडकीत बसून पर्जन्यछाया बघायची असेल तर यापेक्षा स्वस्त तिकीट नाही. शेतंसुद्धा तसं सांगतात. पुण्याकडून येताना आधी भाजी, मग कुठे कुठे ऊस, आणि वडगावच्या पुढे भाताची खाचरं सुरू. त्या दिवशी भाज्याच्या वेशीला लावणी चालली होती. गुडघाभर चिखलात वाकलेल्या बायका, पाठीवर प्लास्टिकचा कागद, आणि बांधावर रोपांच्या मुठी टाकणारा एक पोरगा. त्या चिखलणीला लागणारं पाणीही याच डोंगरावरून उतरतं.

नाळेच्या अलीकडे एका मावशींची ताडपत्रीची टपरी आहे. चहा, कांदाभजी, उकडलेल्या शेंगा. मी दरवेळी तिथेच थांबतो, कारण पाण्याची खबर तिथे मिळते.

"मावशी, आज पाणी कसंय?"

"सकाळधरनं चांगलं हाय. पांढरं हाय. जावा."

पांढरं म्हणजे काय, ते भाचीला कळेना. मावशींनीच सांगितलं. "पांढरं हाय तवर जावा पोरी. तांबडं आलं की जिथं असशील तिथनं कडंला व्हायचं. पाला-काटक्या यायला लागल्या तर वरच्या अंगाला चढायचं, खाली पळायचं न्हाय."

आमच्या खात्यात पूरनियंत्रणाचं जे प्रशिक्षण द्यायचे त्यात यापेक्षा फार काही नव्हतं. पाणी स्वच्छ आहे म्हणजे ते गवतातून, मातीतून गाळून संथपणे येतंय. गढूळ झालं म्हणजे वर कुठेतरी पाऊस मातीच्या शोषण्यापलीकडे गेलाय आणि पृष्ठभाग धुवून पाणी निघालंय. काटक्या आल्या म्हणजे ओहोळांची पातळी काठाला लागली. एवढ्या लहान पाणलोटात वर सर कोसळली की दहा-पंधरा मिनिटांत ती पायऱ्यांवर हजर. मोठ्या नदीचा पूर तुम्हाला तासन्‌तास आधी निरोप देतो. ही नाळ तसा निरोप देत नाही. आणि आपण नाळेत असताना माथ्यावर काय चाललंय ते ढगामुळे दिसत नाही.

लोक गुडघाभर पाण्याला हसतात. वेगात असलेलं गुडघाभर पाणी धडधाकट माणसाला सहज आडवं करतं, आणि पायऱ्यांवर आडवं झालं की थांबायला जागा नाही. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. काही क्षणांपूर्वी ती त्याच पाण्यात मजेत उभी होती. त्यानंतर जिल्हा प्रशासनानं मावळातल्या अशा ठिकाणांसाठी मनाई आदेश काढले. लोक त्यावर चिडतात. मी चिडत नाही. निघायच्या आदल्या दिवशी आदेश बघतो, बंदी असेल तर घरी भजी तळतो.

असो. पाणी पांढरं होतं, आम्ही गेलो.

नाळेत शिरलं की पहिल्यांदा गारवा जाणवतो. दोन्ही बाजूंनी कातळ, वर झाडीचं छत, आणि समोरून पायरी पायरीनं उतरणारं पाणी. पायऱ्या सारख्या नाहीत. काही मूळच्या घडीव, काहींचे दगड निसटून तिरपे झालेले, काही ठिकाणी पायरीच नाही, नुसता धोंडा. जिथे पायरी शाबूत आहे तिथे पाणी तिच्या पूर्ण रुंदीभर पातळ पडद्यासारखं सांडतं. जिथे दगड निसटलाय तिथे सगळं पाणी त्या फटीत गोळा होऊन जोरात उसळतं. त्यामुळे खालून वर बघताना एक धबधबा दिसत नाही, लहान लहान पुष्कळ दिसतात, प्रत्येकाचा आवाज निराळा. चढताना ध्यानात ठेवायची गोष्ट अशी, की जिथे पाणी फेसाळतंय तिथे पाय घट्ट बसतो, कारण तिथे शेवाळ धरायला वेळच मिळत नाही. घसरतं ते कडेच्या, शांत, नुसत्या ओल्या दगडावर. पाय कोरडे ठेवायला कडेनं जाणारे नेमके तिथेच पडतात.

पायऱ्यांच्या मधोमध एक जरा सपाट टप्पा आहे. तिथे पाणी दोन दगडांच्या मधून सरळ, एकसारखं वाहतं. मोजायला उत्तम जागा. मी पिशवीतून टेप काढला. भाचीनं कपाळाला हात लावला.

"मामा, खरंच?"

"तू पानं गोळा कर."

पद्धत अगदी साधी आहे, आणि कुणीही करू शकतं. प्रवाहाची रुंदी मोजायची. आमची आली एक मीटर वीस सेंटिमीटर. तीन-चार ठिकाणी खोली मोजून सरासरी काढायची, ती आली दहा सेंटिमीटर. मग तीन मीटर लांबीचा सरळ भाग धरायचा, वरच्या टोकाला पान टाकायचं आणि खालच्या टोकाला पोचायला किती सेकंद लागतात ते बघायचं. एकदा नाही, पुष्कळदा. काही पानं कडेला अडकतात ती सोडून द्यायची. सरासरी चार सेकंद. म्हणजे सेकंदाला पाऊण मीटर. पण हा झाला वरच्या थराचा वेग. तळाशी पाणी दगडाला घासत हळू चालतं, म्हणून याला ०.८५ नं गुणायचं. मग रुंदी गुणिले खोली गुणिले वेग. उत्तर आलं सेकंदाला सुमारे ७७ लिटर. क्युसेकमध्ये, म्हणजे सेकंदाला किती घनफूट या मापात, पावणेतीनला जरा कमी.

"म्हणजे खूप की थोडं?" भाचीचा प्रश्न रास्त होता.

शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी धरतात. सेकंदाला ७७ लिटर म्हणजे दिवसाला साडेसहासष्ट लाख लिटर. हे पाणी दिवसभर असंच चाललं तर जवळपास पन्नास हजार माणसांना पुरेल. भाची एकदम गप्प झाली, आणि मग त्या दोन दगडांच्या मधल्या वीतभरही खोल नसलेल्या पाण्याकडे वाकून बघत राहिली. अर्थात ते दिवसभर असं चालत नाही, तीच तर गोम आहे. पाऊस थांबला की तासाभरात निम्म्यावर येतं.

त्यातून उलटा हिशेबही करता येतो. आमच्या धंद्यातला एक सोयीचा आडाखा आहे. एक हेक्टर जमिनीवर तासाला एक सेंटिमीटर पाऊस पडला आणि सगळाच्या सगळा वाहून आला, तर जवळजवळ बरोबर एक क्युसेक पाणी होतं. त्या दिवशी पाऊस साधारण त्याच बेताचा होता. जमीन महिनाभर भिजून तुडुंब झालेली, तेव्हा पडेल ते बहुतेक सगळं वाहणारच. म्हणजे या धबधब्यामागे पावणेतीन हेक्टर, पावणेसात एकर माथा उभा आहे. विसापूरचं पठार त्याहून किती तरी मोठं. उरलेलं पाणी दुसऱ्या नाळांमधून आणि कड्यांवरून जातं.

मोजणी चालू असताना भाचीला भिंतीवर काहीतरी हललेलं दिसलं. "मामा, हे गांडूळ आहे का? उड्या मारतंय."

पायऱ्यांच्या बाजूचा कातळ काळा, उभा, आणि त्यावरून पाण्याचा अगदी पातळ थर सतत उतरत होता, कागदाएवढा. त्या थराला चिकटून बोटाच्या पेराएवढे तपकिरी जीव बसले होते. चपटं पोट, डोळे वर, आणि अंगापेक्षा लांब, बारीक शेपटी. भाचीनं बोट जवळ नेलं तसा एकानं शेपटीचा झटका दिला आणि टुणकन् वीतभर पलीकडे जाऊन पुन्हा चिकटला. ते बेडूकमासे होते, बेडकाची पिल्लं. सह्याद्रीत उड्या मारणाऱ्या बेडकांची एक जात आहे, इंडिराना म्हणतात, तिची पिल्लं डबक्यात वाढतच नाहीत. ओल्या कातळावर, पाण्याच्या त्या पातळ थरात वाढतात, दगडावरचं शेवाळ खरवडून खातात. मागचे पाय इतर बेडकांच्या पिल्लांपेक्षा लवकर फुटतात, म्हणून उडी जमते. शाळेत शिकवलेला बेडूकमासा पाण्याखाली पोहतो. हा उभ्या भिंतीवर राहतो.

नीट पाहिलं तर प्रत्येक पिल्लाच्या मागे एक छोटी वाट दिसत होती. काळ्या-हिरव्या शेवाळावर पुसट नागमोडी रेघ, खरवडत गेलेल्या तोंडाची. एका हाताच्या पंजाखाली झाकतील एवढ्यात असे सहा-सात. त्यांच्या वरच्या फटीत बिगोनियाची गुलाबीसर फुलं आलेली आणि फटीच्या आत एक खेकडा नांग्या मिटून बसलेला. तो बहुधा पिल्लांचाच विचार करत असावा.

मला यात सगळ्यात नवल वाटतं ते वेळापत्रकाचं. ही भिंत वर्षातले चार महिने ओली असते. तेवढ्यात अंडी, पिल्लं, पाय, शेपूट झडणं, सगळं उरकायचं. एखादं वर्ष पाऊस मध्येच पंधरा दिवस उघडला तर भिंत वाळते. डबक्यातल्या पिल्लाला खोल पाण्यात जाता येतं, याला ती सोय नाही. म्हणून पायऱ्या चढताना भिंतीला हाताचा पंजा टेकायचा असेल तर आधी बघून टेकवा. रविवारी तिथे शेकडो पंजे टेकतात.

रविवारबद्दल फार लिहीत नाही. स्पीकर घेऊन येणारे, प्लास्टिकचे पेले फटीत खोचणारे, पायरीवर आडवे बसून वाट अडवणारे, हे सगळ्यांनी पाहिलेलं आहे. एकच सांगतो, पाणी मोजणारा म्हणून. धबधब्याखाली बसायला जागा व्हावी म्हणून लोक दगड रचून बांध घालतात. असा बांध पाण्याला एका बाजूला ढकलतो, आणि ते पाणी पायरीच्या बुडाची माती धुवून नेतं. निसटलेल्या पायऱ्यांपैकी बऱ्याच अशाच निसटल्यात. मी जाताना दिसतील ते दगड उचलून बाजूला ठेवतो. लोक वेड्यासारखं बघतात.

पायऱ्या संपत येताना मारुतीचं ठाणं लागतं आणि शेजारी कातळात कोरलेल्या दोन गुहा. उन्हाळ्यात इथे लोक मुक्काम करतात. पावसाळ्यात आत पाणी साठतं. तिथून दोन वळणं घेतली की माथा.

आणि इथे माझं खरं काम सुरू होतं. खालून आलेले बहुतेक जण माथ्यावर आले की धबधबा विसरतात. तट, तोफ, ते भलंमोठं दगडी जातं, यांच्या मागे लागतात. मी पाण्याच्या उलट्या दिशेनं चालत राहतो. पायऱ्यांच्या तोंडाशी दोन हात रुंद ओहोळ. पन्नासेक पावलांवर तो दुभंगतो. मोठा फाटा धरायचा. पुन्हा दुभंगतो. गवत गुडघ्याएवढं, ढग इतका खाली की दहा पावलांवरची भाची नुसती सावली. थोड्या वेळानं ओहोळ दिसेनासा होतो, फक्त गवताखालून आवाज येतो. आणखी पुढे आवाजही थांबतो, आणि पाय टाकला की बुटाभोवती पाणी उमटतं आणि जिरतं. तीच सुरुवात. मोठ्या नदीचा उगम म्हणून गोमुख बांधतात, तिथे पूजा होते. पण खरा उगम असाच असतो, एकरभर ओलं गवत. कुठल्या एका ठिकाणी बोट ठेवून सांगता येत नाही.

माथ्यावरून थोडं दक्षिणेला गेलं की उतार फिरतो. तिकडचं पाणी पवनेच्या खोऱ्यात जातं, पवना धरणात, आणि तिथून सोडलेलं नदीतून वाहत येऊन शेवटी आमच्या चिंचवडच्या नळाला येतं. इकडचं, धबधब्याचं, भाज्याच्या अंगानं इंद्रायणीला मिळतं. देहू, आळंदी करत तुळापूरला भीमेत. पवना दापोडीला मुळेत, मुळा पुण्यात मुठेला, आणि मुळा-मुठा मिळून रांजणगाव सांडसला भीमेत. म्हणजे या एका माथ्यावर वेगळं झालेलं पाणी तिकडे पुन्हा भेटतं आणि बरोबरच पंढरपूरकडे निघतं. मध्ये उजनी धरणात बरेच दिवस मुक्काम पडतो, त्याला इलाज नाही. तिथे आमच्या खात्याचा हात आहे.

भाचीनं हे सगळं ऐकून घेतलं आणि बाटलीतलं उरलेलं पाणी निम्मं इकडे, निम्मं तिकडे ओतलं. मी काही बोललो नाही. बाटलीतलं पाणी चिंचवडच्या नळाचं होतं.

त्याच जागी मी पुन्हा ऑक्टोबरच्या शेवटी गेलो, एकटाच. ऊन चांगलंच लागत होतं, सोनकी सुकत आलेली, गवत पिवळं. मावशींची ताडपत्री काढून नेलेली. नाळेतल्या पायऱ्या कोरड्या ठणठणीत, आणि कोरड्या पाहिल्यावर कळतं की त्या किती उंच आहेत. पाण्यातून चढताना पाऊल आपोआप चढतं, आता गुडघे बोलतात. भिंतीवर शेवाळाची काळी पापुद्र्यासारखी साल उरली होती. पिल्लं कुठेच नव्हती. त्यांचं काम उरकलेलं असावं, अशी आशा.

पण मधल्या सपाट टप्प्याच्या वर, दोन थरांच्या सांध्यातून, अजून पाणी ठिबकत होतं. वरचा कातळ भेगाळलेला, खालची तांबडी पट्टी पाणी धरून ठेवणारी. भेगांतून झिरपलेलं पाणी त्या पट्टीवर अडतं आणि सांध्यातून बाहेर येतं. इथे पानाची पद्धत चालत नाही. बाटली लावायची. एक लिटरची बाटली भरायला चाळीस सेकंद लागले. म्हणजे दिवसाला दोन हजार लिटरच्या वर. जुलैतल्या पाण्याच्या मानानं तीन हजारावा हिस्सासुद्धा नाही. पण गडावरची शे-दीडशे माणसं यावर पिण्यापुरती निभावली असती, महिनाभर तरी.

दिवाळीनंतर तेही नाही. आणि पुढचा पाऊस जूनमध्ये. चार हजार मिलिमीटरच्या मुलखात सात महिने पाण्याची वानवा, हे बाहेरच्या माणसाला पटत नाही. बेसॉल्ट पाणी साठवत नाही, सोडून देतो, हे ज्यांना पटलं होतं त्यांनी विसापूरच्या माथ्यावर कातळात टाकी खोदली. खाली भाज्याच्या लेण्यांतही टाकी आहेत. त्यातल्या एकावर ब्राह्मी लेख आहे, महारठी कोसिकीपुत विण्हुदत यानं हे टाकं दान दिल्याचा. उतरताना लेण्यांपाशी वळलो आणि ते टाकं बघून आलो. पाणी होतं. काठापासून हातभर खाली, हिरवट, त्यावर दोन पानं.